लक्ष्मीबाई टिळक : घरात जगलेला धर्म

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी पाककृती, भरतकाम, अहवाल आणि जमाखर्च यांच्या जोडीला एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र वाचायला मिळावे, अशी पुष्कळ भगिनींची इच्छा असते. म्हणून या खेपेस लक्ष्मीबाई टिळकांची कथा लिहिण्याचे योजले आहे. नाव बहुतेकींच्या ऐकण्यातले आहे. कोणी शाळेच्या पुस्तकात त्यांच्या 'स्मृतिचित्रे' ग्रंथातला उतारा वाचला असेल, तर कोणाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पत्नी एवढीच त्यांची ओळख असेल. परंतु या बाईंनी काय सोसले, आणि सोसून झाल्यावर त्यांच्या हाती काय आले, हे सविस्तर समजून घेण्यासारखे आहे. त्या ख्रिस्ती झाल्या हे सर्वांना ठाऊक असते. कशा झाल्या, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते, आणि खरे मोल त्या 'कशा'मध्येच आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. वडील नाना गोखले हे कडक सोवळ्याचे गृहस्थ. सोवळे तेव्हा घरोघर होते, पण नानांचे सोवळे म्हणजे एक प्रकारचा ध्यासच होता. बाजारातून आणलेले धान्य धुतल्याखेरीज घरात यायचे नाही. कशाला कोणाचा हात लागला, कोणाची सावली पडली, याची चौकशी दिवसभर चाले. त्यात मुलांचे हाल होत आणि त्या माउलीच्या हातांना तर पाण्यातून बाहेर येण्याची उसंत नसे. नाना घराबाहेर गेले म्हणजे घर मोकळा श्वास घेई. पुढे मनूला आत्याच्या घरी नाशिकास ठेवण्यात आले आणि आत्याचे यजमान गोविंदराव खांबेटे यांनी तिला पोटच्या लेकीसारखे वाढवले. माहेरचे हे सोवळे भगिनींनी नीट ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या साऱ्या कथेचे मूळ तेथे आहे.

१८८० साली, अवघ्या अकरा वर्षांच्या वयात मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. नवरदेव नारायण वामन टिळक हे अठरा-एकोणीस वर्षांचे. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे झाला; परंतु आपणांस सांगण्याजोगी गोष्ट ही की त्यांनी शाळेतले पहिले धडे गिरवले ते आपल्या शेजारच्या कल्याणात. १८६९ पासून काही वर्षे हा मुलगा कल्याणच्या शाळेत होता. अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूने येणारी पुण्याची गाडी आणि कसाऱ्याकडून येणारी नाशिकची गाडी जेथे एकत्र येतात, त्या गावी या कवीचे बालपण गेले.

टिळकांची बुद्धी विलक्षण. संस्कृत उत्तम, कविता ओठांवर, वक्तृत्व असे की ऐकणारा तल्लीन व्हावा. पण संसार करणाऱ्या बाईच्या दृष्टीने पाहावे तर हा माणूस फार अवघड. आज येथे नोकरी, उद्या तेथे. मनात आले की उठून चालू लागायचे. मागे पत्नीपाशी दाणागोटा आहे की नाही, याचा विचार नाही. हाती पैसा आला तर तो गरजूला द्यायचा किंवा पुस्तकांत घालायचा. राग येई तोही झटक्यात आणि जाई तोही झटक्यात. लक्ष्मीबाईंना शाळा कशी ती माहीतच नव्हती. टिळकांनी त्यांना घरीच लिहा-वाचायला शिकवायचे ठरवले, पण शिकवणाऱ्याला धीर नाही आणि शिकणारीला भांड्याकुंड्यांतून सवड नाही! तरीही थोडे थोडे करून अक्षरओळख झाली. जोडाक्षरे मात्र त्यांना पुढे जन्मभर छळत राहिली. त्याच बाईंनी शेवटी मराठीतले एक अजरामर पुस्तक लिहिले. शिक्षण कमी म्हणून मागे राहणाऱ्या आपल्या भगिनींनी हे लक्षात घ्यावे.

संसाराची पहिली पंधरा वर्षे अशी ओढाताणीत गेली. काही अपत्ये लहानपणीच दगावली. दत्तू हा मुलगा तेवढा जगला. नागपूर, राजनांदगाव असे बिऱ्हाड फिरत राहिले. टिळकांच्या मनात या काळात मोठी घालमेल चालली होती. जातिभेदाने आपला देश पोखरला आहे, असे त्यांना वाटे. सर्व माणसांना एका पंक्तीला बसवील असा धर्म कोणता, याचा ते शोध घेत होते. १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. तो ते वाचू लागले, आणि दोन वर्षांच्या विचारानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पत्नीला याची आधी कल्पना दिली नव्हती. बातमी कळली ती आप्तांकडून. आज आपण हा प्रसंग वाचतो आणि पुढे जातो; पण त्या काळच्या सत्तावीस वर्षांच्या ब्राह्मण स्त्रीवर तेव्हा काय कोसळले असेल, याचा क्षणभर विचार करावा. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. कपाळी कुंकू आहे, पण सौभाग्य आहे की नाही ते कोणी सांगू शकत नाही. पदरात लहान मुलगा आहे आणि त्याचे काय करायचे, यावर सगळे नातेवाईक मते देत आहेत. लक्ष्मीबाईंना पंढरपूरला नातलगांच्या घरी नेण्यात आले. दुःखाने त्यांचे शरीर खंगले, डोक्यावरही परिणाम होतो की काय अशी सर्वांना भीती वाटली. या काळात, जिला धड लिहिता येत नव्हते त्या बाईच्या तोंडून कविता येऊ लागल्या. आपल्याकडच्या बायका जात्यावर बसून जसे मन मोकळे करीत, तसाच तो प्रकार होता.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८६६ साली सरकारने असा कायदा केला होता की, धर्मांतर केलेल्या माणसाला त्याच्या जोडीदाराने त्या कारणास्तव सोडले, तर त्याने कोर्टात जाऊन विवाहातून मोकळे व्हावे आणि पुन्हा लग्न करावे. टिळकांनी त्या वाटेने पाऊल टाकले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाईंनीही कुंकू पुसले नाही आणि आशा सोडली नाही. दोघांचे धर्म वेगळे झाले होते, पण दोघांनीही एकमेकांचा हात मनातून सोडला नव्हता.

अशी काही वर्षे गेल्यावर लक्ष्मीबाईंनी आपल्या विचाराने ठरवले की आपण नवऱ्याजवळ जाऊन राहायचे. आप्तांना हे रुचणे शक्य नव्हते. तरीही त्या मुलाला घेऊन अहमदनगरला गेल्या. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण त्या काळच्या कथेत जुनेच नाव ठेवणे बरे. गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. टिळकांनीही तशी अट घातली नाही, जबरदस्ती तर नाहीच. लक्ष्मीबाईंचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, देवधर्म वेगळा. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. आजही एखाद्या घरात सून वेगळ्या धर्माची आली की किती तणाव होतो, हे आपण जाणतो. सव्वाशे वर्षांपूर्वी या जोडप्याने ते कसे निभावले असेल!

आता या चरित्राचा गाभा येतो. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत बहुसंख्य लोक त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले होते. टिळकांकडे त्यांचे येणे-जाणे सतत असे. लक्ष्मीबाई त्यांच्याशी गोड बोलत, त्यांच्या सुखदुःखाची विचारपूस करीत. पण त्यांच्या हातचे पाणी? ते शक्यच नव्हते. कोणाचा हात भांड्याला लागला तर सगळे पाणी ओतून द्यायचे, पुन्हा भरायचे. नाना गोखल्यांची लेक ती! तोंडाने कोणाला हीन म्हणत नसली तरी तांब्या हीन म्हणतच होता.

असेच एकदा पाणी विटाळले आणि लक्ष्मीबाई चिडल्या, रडल्या, तहानलेल्या राहिल्या. त्या रात्री त्यांना झोप लागेना. मनाशी विचार सुरू झाला. देवाने झाडे वेगवेगळी केली, पशुपक्षी वेगवेगळे केले, ते पाहताक्षणी ओळखू येतात. मग माणसांच्या जाती त्याने केल्या असत्या, तर त्यासुद्धा तशाच ओळखू आल्या नसत्या काय? माणूस म्हणून सारे सारखेच दिसतात, तर हा भेद देवाचा नव्हे, आपलाच. एकदा हा विचार पटल्यावर मागे वळून पाहणे नाही. सकाळी उठून त्यांनी टिळकांना सांगितले की आजपासून आपण कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ. या निश्चयासाठी त्यांना ना कोणाचे प्रवचन ऐकावे लागले, ना कोणते पुस्तक वाचावे लागले. विचार त्यांचा, निश्चयही त्यांचाच.

भगिनींनो, येथे क्रम नीट पाहावा. लक्ष्मीबाई आधी ख्रिस्ती झाल्या आणि मग त्यांनी जात टाकली, असे घडले नाही. आधी तांब्यावरचा भेद गेला, मग त्यांना ख्रिस्ताची शिकवण जवळची वाटू लागली. पुढे १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पतीनंतर तब्बल पाच वर्षांनी. त्यांनी नवऱ्याचा धर्म नवऱ्याचा म्हणून पत्करला नाही. त्यांनी तो स्वयंपाकघरात पारखून घेतला. ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजनाच्या वेळी साऱ्या मंडळीला एकच भाकर मोडून देतात. ज्या बाईच्या बालपणी बाजारचे धान्यसुद्धा धुऊन घेतले जाई, तिने त्या भाकरीसाठी हात पुढे करायचा, म्हणजे केवढे अंतर चालून यायचे! हे अंतर तिचे तिलाच चालावे लागले.

त्यानंतर जे सुरू झाले, ते खरे ख्रिस्ती आयुष्य. त्या वेळी दक्षिणेत १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला होता. गावेच्या गावे ओस पडत होती, रस्त्यावर पोरकी मुले भटकत होती. टिळक पतिपत्नींच्या दारी अशी मुले येत, आणि आले मूल परत जात नसे. घरात अन्न किती आहे याचा हिशेब टिळकांनी कधी केला नाही. तो लक्ष्मीबाईंना करावा लागे. एका भाकरीचे चार तुकडे कसे करायचे, एकाच लुगड्यात किती लेकरे झाकायची, हे प्रवचनात कोणी शिकवत नाही. प्लेगच्या दिवसांत, जेव्हा सख्खे नातलग आजाऱ्याला टाकून पळत, तेव्हा लक्ष्मीबाई आजारी मुलींची शुश्रूषा करायला पुढे झाल्या. काही पोरक्या मुली त्यांनी पोटच्या मुलीसारख्या वाढवल्या. आपले आणि परक्याचे, हा भेद त्यांच्या घरात हळूहळू पुसून गेला.

त्यांच्या घरची आणखी एक हकिकत फार गोड आहे. निसर्गकवी बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, हा तरुण १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनानंतर टिळकांच्या जिव्हाळ्यातला झाला आणि पुढे काही काळ अहमदनगरला त्यांच्या घरी राहिला. मुलगा हिंदू, घर ख्रिस्ती. लक्ष्मीबाईंनी त्याला आपला मुलगा मानले. त्याचे लाड केले, रुसवे काढले, आजारपण सोसले. त्याने आपला धर्म सोडावा, असा आग्रह धरला नाही. एकेकाळी दुसऱ्याच्या घरी आपले सोवळे सांभाळून राहण्याचे दुःख त्यांनी स्वतः भोगलेले होते. म्हणून दुसऱ्याला त्यांनी ते भोगू दिले नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आतले होते. या घरालाही तो पुत्रशोकच होता.

टिळक १९०४ साली पाळक झाले. पाळकाचे घर म्हणजे साऱ्या मंडळीचे घर. कोणाचे भांडण, कोणाचे बाळंतपण, कोणाच्या मुलाची फी, कोणाच्या मुलीचे लग्न, सगळे दाराशी यायचे. टिळकांची मोठी कामगिरी म्हणजे त्यांनी ख्रिस्ती उपासना मराठी केली. तोपर्यंत देवळात बहुधा इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरित गीते म्हटली जात. टिळकांनी ज्ञानेश्वर-तुकारामांचा वारसा आपलाच मानला, अभंग आणि ओवी देवळात आणली, आणि कीर्तनाच्या रंगात ख्रिस्ताची कथा सांगितली. त्यांची गीते 'उपासना संगीत' या पुस्तकातून महाराष्ट्रभरच्या मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात. लक्ष्मीबाईंनीही कीर्तने केली. लुगडे नेसलेली, कपाळी कुंकू नसलेली, पण बोलीने अस्सल नाशिककडची अशी ही बाई उभी राहून कथा सांगू लागली, म्हणजे ऐकणाऱ्यांना ती परक्या धर्माची वाटत नसे.

सारे गोड होते असे मात्र समजू नये. बाप्तिस्मा घेतला म्हणून माणसाचे स्वभाव आणि जुने भेद एका दिवसात जात नाहीत, हे मंडळीतही दिसे. मिशनच्या परदेशी कारभाऱ्यांनी हिंदी ख्रिस्ती माणसांना बरोबरीने वागवावे, यासाठी टिळकांना वारंवार झगडावे लागले. शेवटी १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्यांना ज्यांना ख्रिस्ताच्या मार्गाने जायचे आहे त्या सर्वांचा एक बंधुसमाज व्हावा, अशी त्यामागची कल्पना होती. कल्पना उदात्त होती, पण पगार गेला होता! टिळक संन्याशाच्या वृत्तीने राहू लागले, आणि संन्याशाच्या घरची चूल पेटती ठेवण्याचे काम पुन्हा लक्ष्मीबाईंकडे आले. थोरांच्या चरित्रात अशा गोष्टींना ओळभर जागा मिळते. घरातल्या बाईला मात्र त्या रोज जगाव्या लागतात.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. एकोणचाळीस वर्षांचा तो वादळी संसार संपला. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. हातपाय गाळून बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रनचे काम पत्करले. पुढे मुलाच्या, म्हणजे देवदत्तांच्या संसाराबरोबर त्या काही काळ कराचीलाही राहिल्या. उल्हासनगरच्या आपल्या सिंधी भगिनींना हे वाचून नवल वाटेल. १९४७ च्या फाळणीनंतर ज्या सिंध प्रांतातून त्यांची घरे उठून कल्याणच्या छावणीत आली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले, त्याच प्रांताच्या राजधानीत ही मराठी बाई त्याआधी राहून गेली होती. नव्या गावी, अनोळखी भाषेत संसार मांडणे म्हणजे काय असते, हे त्यांनाही पुरते ठाऊक होते.

आता त्यांच्या लेखनाविषयी. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले होते, पण सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते गेले. ते अपुरे काम लक्ष्मीबाईंनी पूर्ण करायला घेतले. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या त्या बाईने एकामागून एक चौसष्ट अध्याय रचले! हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९३८ साली प्रसिद्ध झाला. पतीने अर्धवट टाकलेल्या कितीतरी गोष्टी त्यांनी जन्मभर निस्तरल्या. ही शेवटची त्यांनी आनंदाने पुरी केली.

'स्मृतिचित्रे' लिहिली गेली तीही पतीसाठीच. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात, असे ठरले. आठवणी टिळकांच्या सांगायच्या होत्या, पण सांगता सांगता त्यांत त्या स्वतःच उभ्या राहिल्या. १९३४ पासून हा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागला आणि सारा महाराष्ट्र तो वाचून हसला आणि रडला. त्यात कोठे तक्रार नाही, कोणाचा सूड नाही. ज्या नवऱ्याने न सांगता धर्म बदलला त्याच्याविषयी कडवटपणा नाही. ज्या आप्तांनी दुरावले त्यांच्याविषयीही नाही. सोवळ्यात बुडालेल्या वडिलांचे चित्रसुद्धा त्यांनी हसत हसत काढले आहे. आणि हसतात त्या सर्वांत अधिक स्वतःलाच. हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही समाजांनी ते पुस्तक आपले मानले. १९५० साली त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी लक्ष्मीबाईंना बसवण्यात आले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या नाशिकच्या परिसरात सोवळ्याच्या पाण्याने आयुष्य सुरू झाले, तेथेच ते संपले. पण मधल्या अडुसष्ट वर्षांत ते पाणी सर्वांसाठी मोकळे झाले होते.

हे चरित्र आपल्यापुढे ठेवण्याचे कारण आता सांगते. ख्रिस्ती लोक आपल्या उपासक समाजाला 'मंडळी' म्हणतात. आपणही स्वतःला 'मंडळ' म्हणवतो. शब्द एका कुळातले आहेत, आणि दोघांची परीक्षाही एकाच जागी होते. रविवारी देवळात किंवा वर्धापनदिनी व्यासपीठावर सारे एकमेकांना बहीणभाऊ म्हणतात, त्यात अवघड काही नाही. खरी कसोटी सोमवारी सकाळी लागते. शेजारीण आजारी पडली तर तिच्या घरी पेज कोण नेते? कामवाल्या बाईला चहा दिला, तो कोणत्या कपात? सुनेच्या माहेरची रीत वेगळी असेल, तर तिला आपण आपल्या घरात मोकळी जागा देतो काय? कार्यक्रमाला जेवायला कोण कोणाशेजारी बसते?

आपला हा मुलूखच असा आहे की येथे कोणी एकट्याने राहू शकत नाही. उल्हासनगर छावणीतून उभे राहिले, अंबरनाथला कारखान्यांनी चारी दिशांची माणसे आणली, बदलापूरला जागा स्वस्त म्हणून मुंबईची कुटुंबे येत राहिली. एका जिन्यावर मराठी, सिंधी, मल्याळी, तमिळ, कोकणी अशी घरे असतात. कोणाच्या दारावर तोरण, कोणाच्या दारावर क्रूस, कोणाच्या घरी बुद्धवंदना, तर कोणाच्या घरी गुरू नानकांची तसबीर. आणि या सर्वांच्या हंड्यात जे पाणी येते ते त्याच उल्हास नदीचे, त्याच बारवीच्या धरणाचे. नळाला पाणी कमी आले म्हणजे आपण सगळ्याजणी एका रांगेत उभ्या असतो. त्या रांगेत हंड्याला हंडा लागतो. लक्ष्मीबाईंना रात्रभर जागून जे कळले, ते आपणांस नळावर रोज दिसते. कळते की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.

आणखी एक. आपल्यापैकी कित्येकींना वाटते की आपण शिकलो नाही, आपल्या हातून काय होणार? आपला दिवस चुलीपाशी गेला, आपला धर्म तो काय! लक्ष्मीबाईंचाही दिवस चुलीपाशीच गेला. टिळकांनी मंडळीला गीते दिली, आणि ती गीते खरी करून दाखवण्याचे काम त्यांच्या पत्नीने भाकरी थापत, पोरक्या मुलांच्या वेण्या घालत, आजाऱ्यांच्या उशाशी बसून केले. यातले कोणतेही काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

त्यांनी कोणाच्या भीडेने धर्म घेतला नाही, आणि घेतल्यावर तो कोणावर लादला नाही. आपापल्या देवाला स्मरून आपण त्यांच्याकडून एवढे एक घ्यावे. घरी आलेल्याला पाणी देताना तांब्या भरलेला असावा, आणि देणाऱ्या हाताने घेणाऱ्याची जात पुसू नये. मंडळाच्या येत्या वर्षासाठी याहून मोठा संकल्प कशाला हवा?